मोंमार्त्र बघायला निघालेल्या बेळगावकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मुलं आता शिकायला आणि नोकरीला युरोपात आहेत. त्यांच्याकडे जाणारे आईवडील, सासूसासरे, शिवाय आमच्या रविवारच्या स्केचिंगच्या ग्रुपमधले हौशी चित्रकार असे सगळे पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीबद्दल तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथं एकत्र केले आहेत. व्हिसा, विमान, हॉटेल यांची माहिती या पानावर नाही.

1. मोंमार्त्र म्हणजे नेमकं काय? चर्च, बाजार की चित्रकारांची वस्ती?

तिन्ही. पॅरिसच्या उत्तरेला, अठराव्या विभागात सुमारे 130 मीटर उंचीची टेकडी आहे. माथ्यावर साक्रे-कर हे पांढरं चर्च, त्याच्या बाजूला चित्रकारांचा तेर्त्र चौक आणि भोवती उतारावरच्या गल्ल्या, पायऱ्या, जुन्या पवनचक्क्या आणि एक चक्क द्राक्षमळा. 1860 पर्यंत हे पॅरिसबाहेरचं गाव होतं. ते गावपण मागच्या उतारावर अजून दिसतं, समोरच्या बाजूला मात्र गर्दीखाली गेलंय. टेकडीवर फिरायला तिकीट नाही. चर्चच्या घुमटावर चढायला आणि म्युझियमला आहे.

2. एवढं मोठं शहर सोडून चित्रकार याच टेकडीवर का गेले?

स्वस्त म्हणून. गाव शहराच्या जकातीच्या भिंतीबाहेर होतं, त्यामुळे वाइनवर शहराचा कर बसत नसे. पिण्याची आणि नाचगाण्याची ठिकाणं त्या काळापासून इथं रुजली. पुढं गाव शहरात आलं तरी चढामुळे भाडं कमीच राहिलं. वर मोकळा उजेड, खाली कॅबरे, आणि मॉडेल म्हणून बसायला तयार असलेल्या कष्टकरी घरच्या मुली. 1881 मध्ये ‘शा न्वार’ हे कॅबरे सुरू झालं, 1889 मध्ये ‘मुलाँ रूझ’. रेनुआ, तुलूझ-लोत्रेक, व्हॅन गॉग, पिकासो असे एकामागून एक येत गेले.

जाता जाता एक गोष्ट. या टेकडीच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या. जिप्सम भाजून जी पूड होते, तिला पॅरिसचं नाव इथल्यासारख्या खाणींमुळेच मिळालं. गणपती जवळ आले की आपल्याकडे शाडू की पीओपी हा वाद दरवर्षी रंगतो. त्या पीओपीचं माहेर हे.

3. चढ किती आहे? आईचे गुडघे दुखतात.

राजहंसगड चढलेल्याला हे काहीच नाही. गुडघेवाल्यांनी मात्र समोरच्या पायऱ्यांच्या नादी लागू नये. त्या 222 आहेत. त्यांच्या शेजारून फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून तिरकी वर जाणारी गाडी आहे. ती दीड मिनिटाच्या आत वर नेते आणि मेट्रोचा पास तिथंही चालतो. ती 1900 मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. वर उतरल्यावरही चर्चच्या दारापर्यंत थोड्या पायऱ्या राहतात. व्हीलचेअर असेल तर मागच्या शेवालिये-द-ला-बार रस्त्याकडून जायचं, तिकडे लिफ्टची सोय आहे. 40 नंबरची छोटी बसही टेकडीवर फिरते.

आईला गुडघ्यांपेक्षा दगडी फरसबंदीचा त्रास जास्त होईल. नव्या चपला नकोत, वापरून मऊ झालेले बूट घालू द्या.

4. मेट्रोच्या कुठल्या स्टेशनवर उतरायचं? ॲप ‘आन्वेर’ दाखवतंय.

ॲप सगळ्यांना आन्वेर दाखवतं, म्हणूनच तिथं उतरू नका. तिथून वर जाणारा रस्ता म्हणजे की-चेन, टोप्या आणि धक्काबुक्की. मग समोर पायऱ्या, पायऱ्यांवर गर्दी, वर फोटो, आणि माणूस ‘बघितलं मोंमार्त्र’ म्हणून परत फिरतो.

आमचं सांगणं एकच असतं: मागून चढा आणि पुढून उतरा. 12 नंबरच्या लाइनवर ‘लामार्क-कोलांकूर’ला उतरा. लिफ्टनं वर या आणि र्यू दे सोल या रस्त्यानं चढायला लागा. डाव्या हाताला 1933 मध्ये लावलेला द्राक्षमळा लागतो. त्याच्या कोपऱ्यावर ‘लापाँ आजिल’ हे जुनं कॅबरे. आणखी वर चित्रकार युत्रिलोनं रंगवलेलं गुलाबी घर. तिथून र्यू कोर्तो, मग तेर्त्र चौक आणि शेवटी चर्च. एवढं झालं की र्यू लपिक आणि एमिल-गुदो चौकाकडून ‘आबेस’ स्टेशनला उतरा.

आबेस हे पॅरिसमधलं सगळ्यात खोल, 36 मीटरवरचं स्टेशन. तिथं काच आणि ओतीव लोखंडाची, वास्तुविशारद गिमारची मूळ कमान आहे, ती आधी दुसऱ्या स्टेशनवर होती. तिथल्या गोल जिन्याच्या भिंतींवर चित्रं रंगवली आहेत, पण ती बघत वर चढण्याचं धाडस करू नका. उतरतानाच बघा.

5. किती वेळ लागतो आणि केव्हा जावं?

अर्धा दिवस पुरे. सकाळी आठला पोहोचलात तर द्राक्षमळ्यापाशी तुम्ही, पावाच्या दुकानातून परतणारे म्हातारे आणि कुत्री, एवढेच असता. अकरानंतर चौकात उभं राहायला जागा मिळत नाही. रविवारी बऱ्याच गल्ल्यांत गाड्यांना बंदी असते. चालायला बरं, पण गर्दी दुप्पट. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये पाचच्या आतच अंधार. ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरवण्याचा उत्सव असतो. पावसाची भीती बेळगावकरांना कुणी घालू नये.

6. साक्रे-करमध्ये हिंदूंना सोडतात का? चपला कुठं काढायच्या?

सोडतात, तिकीटही नाही. चपला काढायच्या नाहीत. उलट पुरुषांनी टोपी काढायची, ही गोष्ट आपल्या आजोबांना आधीच सांगून ठेवा. डोकं झाकणं म्हणजे आदर या हिशोबानं ते टोपी सावरूनच आत जातात आणि दारावरचा माणूस खुणा करतो. खांदे झाकलेले असावेत. फोटोला बंदी आहे आणि ती खरोखर पाळून घेतली जाते, कारण आत 1885 पासून रात्रंदिवस अखंड प्रार्थना चालू आहे. अखंड नामसप्ताह बघितलेल्या माणसाला त्या शांततेत कसं वागायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. घुमटाला सुमारे 300 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही.

7. एवढं जुनं चर्च आणि इतकं पांढरं कसं? रंग देतात का?

फार जुनं नाही. बांधकाम 1875 मध्ये सुरू झालं, 1914 मध्ये संपत आलं आणि युद्धामुळे विधिवत अर्पण व्हायला 1919 उजाडलं. दगड शातो-लांदोंच्या खाणीतला आहे. पाऊस पडला की त्यातून कॅल्साइट बाहेर येतं आणि पृष्ठभाग पुन्हा पांढरा होतो. रंग नाही, पाऊसच त्याला धुतो. खरं जुनं चर्च शेजारचं सें-पिएर, 1147 मध्ये अर्पण झालेलं. तिकडे कुणी वळत नाही, तुम्ही वळा.

8. मुलाचा फ्रेंच मित्र म्हणाला, ‘मी त्या चर्चला पाठ करून उभा राहतो’. असं का?

त्यामागं 1871 आहे. प्रशियाकडून हार झाल्यावर पॅरिसच्या नागरी सैन्याच्या तोफा या टेकडीवर ठेवल्या होत्या. 18 मार्चला सरकारी फौज त्या न्यायला आली. लोकांनी अडवलं, दोन सेनापती मारले गेले आणि तिथून पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या बंडखोर लोकांचं स्वतःचं सरकार, सुरू झालं. मे महिन्यात सरकारनं ते रक्तात बुडवलं, हजारो माणसं मारली गेली. त्यानंतर 1873 मध्ये राष्ट्रीय सभेनं याच माथ्यावर प्रायश्चित्ताचं चर्च बांधायला मंजुरी दिली. चर्चची कल्पना कम्यूनच्या आधीची, युद्धातल्या पराभवावरून निघालेली होती. पण जागा ही आणि वेळ ती, त्यामुळे डाव्या विचारांच्या पॅरिसकरांना ते आपल्या मेलेल्यांच्या छातीवर बांधल्यासारखं वाटत आलं.

दुसऱ्या बाजूनंही उत्तर दिलं. चर्चच्या पायथ्याच्या बागेला 2004 मध्ये लुईज मिशेल या कम्यूनमधल्या लढवय्या बाईचं नाव दिलं. मागच्या रस्त्याला शेवालिये द ला बारचं नाव आहे. धर्मनिंदेच्या आरोपावरून 1766 मध्ये देहान्त शिक्षा झालेला हा तरुण. म्हणजे देवळाच्या पुढं एक आणि मागं एक. पाटी, पुतळा आणि नाव यांवरून माणसं इतकी का पेटतात, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

9. तेर्त्र चौकात पोर्ट्रेट काढून घ्यावं का?

हौस म्हणून घ्या, मोठी कला म्हणून नको. चौकात ठरलेल्या जागेवर बसणाऱ्यांना पॅरिस महापालिकेचा परवाना असतो. जागा जेमतेम एक चौरस मीटर, तीही दोघांत वाटून आलटून पालटून, आणि यादीत नाव लागायला वर्षं जातात. त्यांच्यात हात चांगला असलेली माणसं आहेत. पाच मिनिटं मागं उभं राहून बघा. डोळे आधी आणि सावकाश काढणारा असेल तर बसा. आधी ओठ लाल करून गिऱ्हाईक खूश करणारा असेल तर पुढं चला. किंमत, आकार, रंगीत की कोळशाचं, हे बसायच्या आधी ठरवा.

हातात पॅड घेऊन मागे लागणारे आणि ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणत काढायलाच लागणारे वेगळे. त्यांनाही प्रश्न 14 मधल्या दोरेवाल्यांसारखंच ‘नों’ म्हणा आणि चालत राहा.

10. पिकासो आणि व्हॅन गॉगची घरं आतून बघता येतात का?

नाही, आणि यात बऱ्याच जणांची निराशा होते. व्हॅन गॉग 1886 ते 1888 भाऊ थिओबरोबर 54, र्यू लपिक इथं राहिला. तिथं पाटी आहे, पण घर खासगी आहे, घंटी वाजवू नका. पिकासो 1904 पासून 1909 पर्यंत एमिल-गुदो चौकातल्या ‘बातो-लावोआर’ या लाकडी, कुरकुरणाऱ्या इमारतीत राहिला. सगळ्या भाडेकरूंना मिळून पाण्याचा नळ एक. हिवाळ्यात कडाक्याची थंडी, उन्हाळ्यात भट्टी. 1907 मध्ये ‘दम्वाझेल दाव्हिन्यों’ त्यानं तिथंच रंगवलं. 1970 मध्ये इमारत जळाली, आज आहे ती नंतर बांधलेली. रस्त्यावरून एक दर्शनी खिडकी आणि माहितीचे फलक दिसतात. समोरच्या हिरव्या लोखंडी कारंज्याचं पाणी पिण्याचं आहे. बाटली भरून घ्या आणि त्या उतरत्या चौकात बाकावर जरा टेका. आतून बघण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं.

11. एकच म्युझियम बघायचं तर कुठलं?

12, र्यू कोर्तो इथलं म्युझे द मोंमार्त्र. 1876 मध्ये रेनुआनं तिथं खोली घेतली होती. पण मी लोकांना तिथं पाठवते ती सुझान व्हालादोंसाठी.

धुणं धुणाऱ्या बाईची ही मुलगी, 1865 चा जन्म. लहानपणी सर्कशीत गेली, झोक्यावरून पडली, ते काम सुटलं. मग मॉडेल झाली. रेनुआ आणि तुलूझ-लोत्रेक यांच्यासमोर तासन्‌तास बसली आणि बसल्या बसल्या त्यांचा हात बघत राहिली. शाळेत न जाता चित्रं काढायला शिकली. एदगार दगा या चित्रकारानं तिची रेखाटनं बघितली, विकत घेतली आणि तिला पुढं ढकललं. तिची रेघ जाड, काळी, माफी न मागणारी आहे. ज्या बायका आजवर पुरुषांनी गोडगुलाबी रंगवल्या, त्या तिनं थकलेल्या, जाड पोटऱ्यांच्या, न्हाऊन अंग पुसणाऱ्या अशा रंगवल्या. युत्रिलो तिचाच मुलगा. दोघं या घरात राहत होते आणि तिचा स्टुडिओ आज पुन्हा उभा केला आहे. उत्तरेकडची मोठी खिडकी आणि कोपऱ्यातली शेगडी नक्की बघा. चित्र काढणाऱ्या बायकांनी तरी हे चुकवू नये. खिडकीतून मागचा द्राक्षमळाही दिसतो.

12. मोंमार्त्रची प्रसिद्ध चित्रं मोंमार्त्रमध्येच आहेत ना?

बहुतेक नाहीत. रेनुआचं ‘मुलाँ द ला गालेत’ या पवनचक्कीपाशी चाललेल्या नाचाचं चित्र ओर्से म्युझियममध्ये आहे, आणि ते सोमवारी बंद असतं. व्हालादों ज्याच्यासाठी मॉडेल म्हणून बसली ते ‘शहरातलं नृत्य’ही तिथंच. ‘दम्वाझेल दाव्हिन्यों’ तर न्यूयॉर्कला. म्हणून आधी ओर्से, दुसऱ्या दिवशी टेकडी. ती पवनचक्की टेकडीवर दिसते पण ती खासगी आहे, बाहेरूनच बघायची.

13. शाकाहारी जेवण मिळतं का? आणि कुंदा नेता येईल का?

मिळतं, पण विचारून. ‘शाकाहारी’ म्हटलं की मासे चालतील असं समजणारे वेटर असतात. ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणा: मांस नको, मासे नको. कांद्याचं सूप निरागस दिसतं, पण बहुतेक ठिकाणी ते गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं. सॅलडमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराचे तुकडे. क्रेप म्हणजे गोड घावन, त्यात अंडं असतंच. काळपट पिठाच्या गालेतमध्ये बऱ्याचदा नसतं, पण विचारा. ‘बागेत’ (baguette) म्हणजे साधा पीठ, पाणी, मीठ, यीस्टचा लांब पाव. तो निर्धास्त खा.

कुंदा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानातून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. पोराला किती आवडतो हे कस्टमच्या माणसाला सांगून उपयोग होत नाही. शेंगाचटणी न्या.

14. तिथं फसवतात म्हणे. खरं का?

समोरच्या पायऱ्यांखाली दोरेवाले उभे असतात. हसत हात धरतात, बोटाला रंगीत दोरा अडकवून वळायला लागतात, गाठ बसली की पैसे मागतात. हात खिशात ठेवा, थांबू नका, ‘नों’ म्हणा आणि चालत राहा. आपल्याकडची माणसं मनगटावर दोरा म्हटल्यावर श्रद्धेनं हात पुढं करतात, तिथंच सापडतात. तीन वाट्यांखाली गोटी लपवणाऱ्यांच्या भोवती जिंकताना दिसणारे लोक त्यांच्याच टोळीतले. सही मागणाऱ्या मुलींपासून पर्स सांभाळा. मेट्रोच्या 2 नंबर लाइनवर फोन मागच्या खिशात नको. अडचण आली तर 112. मागून चढलात (प्रश्न 4) तर यातलं बरंचसं वाट्यालाच येत नाही.

15. मुलं बरोबर आहेत. मुलाँ रूझकडून जावं का?

दिवसा बाहेरून फोटो काढायला हरकत नाही. 25 एप्रिल 2024 ला पहाटे तिथल्या पवनचक्कीची पाती कोसळली होती, जुलैमध्ये नवी बसवली. त्या बुलेवारवर मोठ्यांच्या दुकानांच्या पाट्या आहेत, ‘हे काय, आजी?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. मुलांना त्यापेक्षा लापाँ आजिलच्या गाढवाची गोष्ट आवडेल. 1910 मध्ये काही टवाळांनी त्या कॅबरेच्या मालकाच्या गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधला आणि झालेलं चित्र ‘बोरोनाली’ या नावानं प्रदर्शनात ठेवलं. सूर्यास्ताचं ते चित्र समीक्षकांनी गंभीरपणे बघितलंही.

16. माझ्या वडगावच्या सासूबाईंना साड्या-कापडात जास्त रस आहे. त्यांचं काय?

त्यांना टेकडीच्या पायथ्याला, चर्चच्या खाली पूर्वेला, मार्शे सें-पिएरमध्ये सोडा. मजल्यावर मजले कापडाचे ठाण: सुती, रेशीम, लेस, पडद्याचं. आजूबाजूच्या दुकानांत तीन-तीन मीटरचे तुकडे कापून ठेवलेले असतात. त्यात साडी होत नाही, पण ड्रेस दोन होतात. बोटांत कापड चोळून सूत ओळखणाऱ्या बाईला तिथं भाषा लागत नाही. रविवारी जाऊ नका.

17. जवळ आपलं देऊळ किंवा डोसा-भात मिळेल असं काही?

त्याच अठराव्या विभागात र्यू पाजोलवर माणिक्क विनायकाचं देऊळ आहे, तमिळ लोकांचं. आन्वेरहून 2 नंबर लाइननं दुसरं स्टेशन ‘ला शापेल’, तिथून चालत. गणेशचतुर्थीच्या सुमारास रथ निघतो आणि रस्त्यावर नारळांचा ढीग फुटतो. मिरवणुकीत ताशा नाही, नादस्वरम आहे. त्याच स्टेशनजवळ श्रीलंकन तमिळांची हॉटेलं आहेत, डोसा मिळतो.

18. मोंपार्नास आणि मोंमार्त्र एकच का?

नाही. मोंपार्नास नदीच्या दक्षिणेला. मोंमार्त्रला पर्यटक आणि भाडी वाढली तसे चित्रकार तिकडे सरकले. पिकासो 1912 मध्ये गेला. भारतीय चित्रकारांच्या खुणा मोंमार्त्रवर शोधू नका. अमृता शेर-गिल मोंपार्नासच्या ग्रांद शोमिएर या कलाशाळेत शिकली. रझा 1950 मध्ये पॅरिसला पोहोचले तोवर मोंमार्त्र पोस्टकार्डावर गेलेलं होतं.

19. तिथं बसून स्केच करता येतं का? विकता येतं का?

वही घेऊन बाकावर, पायरीवर, कट्ट्यावर बसा, कुणी हटकत नाही. के. बी. कुलकर्णींनी घडवलेल्या आणि रवी परांजपे यांच्यासारखा विद्यार्थी दिलेल्या गावाला उघड्यावर बसून काढायची लाज नसावी. ईझल मांडून रस्ता अडवू नका. विकायला परवाना लागतो (प्रश्न 9). तेर्त्र चौकात वही उघडलीत तर तिथले चित्रकार तिरके बघतात, ते त्यांचं पोट आहे. र्यू द लाब्रव्ह्वारच्या वळणावर बसा: एका बाजूला गुलाबी घर, दुसऱ्या बाजूला उतरणारा रस्ता, शेवटाला घुमट. सकाळी उजेड डावीकडून येतो, सावल्या निळसर पडतात आणि जलरंग लवकर वाळत नाहीत. आपल्या मे महिन्यातल्या सवयीनं एकावर एक थर चढवलेत तर चिखल होईल.

20. ग्रुप टूरनं चाललोय. मोंमार्त्रला एकच तास आहे. काय करू?

टूरच्या मोठ्या बसला टेकडीवर बंदी आहे, खाली बुलेवारवर उतरवतात. वीस मिनिटं जाण्यायेण्यात गेली असं धरा. फ्युनिक्युलरनं वर जा, पायऱ्यांवरून शहर बघा, चर्चमध्ये पाच मिनिटं बसा. तेर्त्र चौक ओलांडा, न थांबता. र्यू कोर्तोनं गुलाबी घरापर्यंत या आणि मळ्याच्या कुंपणापाशी थांबा. परतीला दहा मिनिटं जास्त ठेवा. उतरताना गल्ली चुकते, आणि गाइड कुणासाठी थांबत नाही.